नव्या मक्याचा पहिला घास

याडी पुन्हा उठल्या.

मी फरशीवर बसून मक्याचे दाणे सोलत होते आणि माझ्या सासूबाई, बिजलीबाई, घरभर फिरत होत्या. स्वयंपाकघरात यायच्या, ओट्यावरून नजर फिरवायच्या, गॅलरीत जायच्या, कठड्यावरून खाली वाकून पाहायच्या आणि परत यायच्या. माझा नवरा इंद्रजीत त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणतो, म्हणून मीही याडीच म्हणते.

"याडी, बसा ना एका जागी. काय पाह्यजे?"

"काय नाय वं. तू कर तुहं काम."

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी तापवून चालणार नव्हतं. सासरे गेल्यापासून याडी दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर एकट्या राहतात. गेल्या हिवाळ्यात अंगणात पडल्या. शेजारची जमनी दूध मागायला आली, म्हणून कळलं तरी. तेव्हापासून इंद्रजीतने धोशा लावला होता, यवतमाळला चल. शेवटी त्या आल्या, पण अट घालून.

"चार दिवस पायतो. करमलं तं राहीन. नाय तं मले जीपमंदी बसवून दे."

ते चार दिवस आज संपत होते. इंद्रजीत बाभुळगावला लाइनमन आहे. संध्याकाळी तो कामावरून आला की याडी काय ते सांगणार होत्या. आणि त्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. दिवसभर या तिसऱ्या मजल्यावर मी भिंतींशी बोलते. भांडायला का होईना, कोणीतरी हवं होतं.

येताना त्यांनी शेतातल्या नव्या मक्याची कणसं पोतडीभर आणली होती. पण स्वतः एक दाणाही तोंडात टाकला नाही. मी रोज विचारायची, "याडी, उकडू का दोन?" त्या म्हणायच्या, "थांब, होईल." काय होईल, ते काही सांगायच्या नाहीत. कणसं सुकायला लागली होती. मी म्हटलं, तळलेलं त्यांना पचत नाही, पण एअर फ्रायर आहे घरात. खमंग, कुरकुरीत दाणे करून पुढे ठेवले तर हात कसा आखडतील?

पहिला घाणा फसला. दाणे उकळून घेतले, पण पुसायची घाई केली. ओल्या दाण्यांवर कॉर्नफ्लोअरचं पीठ चिकटून गोळे झाले आणि आत टपटप फुटण्याचे आवाज यायला लागले. याडी धावत आल्या, त्या डब्याभोवती फिरल्या, वाकून आत डोकावल्या.

"याच्यात विस्तव कोठी आहे?"

"विस्तव नसते याडी याच्यात. गरम हवा असते."

"हवा," त्या म्हणाल्या आणि परत गॅलरीत गेल्या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या खेपेला दाणे कापडावर पसरून पंख्याखाली नीट कोरडे केले. थोडं तांदळाचं पीठ, मीठ, चमचाभर तेल. मध्ये एकदा भांडं बाहेर काढून हलवलं. सोनेरी झाल्यावर गरम असतानाच तिखट, जिरेपूड, चाट मसाला. चाखून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. दाताखाली कुरकुर वाजत होतं, आत गोडवा तसाच होता.

बशी भरून याडींच्या पुढे ठेवली. त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तू खाल्लं?"

"चाखलं. मस्त झालं. घ्या ना."

त्यांचा चेहरा उतरला. बशी हळूच बाजूला सरकवली. "आपलं झालं नाय अजून."

"काय झालं नाही? सकाळपासून राबून राह्यली मी! आवडत नसन तं तसं सांगा ना!"

बोलून गेले आणि तशीच न्हाणीत कपडे धुवायला जाऊन बसले. पाणी जोरात सोडलं, कपडे जोरात आपटले. राग धुवून निघाला तेव्हा बाहेर आले. घर गप्प होतं. गॅलरी रिकामी. खुंटीवरची त्यांची पिशवी गेलेली आणि दारातल्या चपलाही.

गेल्या! माझ्यामुळे गेल्या! धड रस्ता माहीत नाही, स्टँड कुठे माहीत नाही आणि त्या जीप शोधत निघाल्या असणार. मी ओल्या हातानेच जिने उतरले. इंद्रजीतला फोन लावायची हिंमत होईना. फाटकातून उजवीकडे धावले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत डावीकडे धावले.

आमच्याच इमारतीच्या भिंतीला लागून सेवादास इस्त्रीवाल्याची गाडी असते. तिथे याडी उकिडव्या बसल्या होत्या. समोर त्याची कोळशाची इस्त्री झाकण उघडून ठेवलेली. आत निखारे लाल. याडींनी पिशवीतून एक कणीस काढलं, चार दाणे सोलून निखाऱ्यावर ठेवले, वरून बाटलीतल्या तुपाची धार सोडली. चर्र झालं. धूर उठला. त्यांनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले. सेवादासनेही जोडले.

तांड्यावर त्या चुलीत काहीतरी टाकायच्या, ते मी पाहिलं होतं. मी नेरच्या एसटी क्वार्टरमध्ये वाढलेली. मला वाटायचं, कचरा असेल.

"याडी..." मी त्यांच्याजवळ खाली टेकले. "तुमी जाऊन राह्यल्या असं वाटलं मले."

"कोठी जातो? विस्तव पाहून राह्यलो आल्यापासून." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "नवं धान्य आधी विस्तवाले, मंग आपल्याले. तुह्या घरात विस्तवच नाय. गॅसची आग निळी, तिले निखारा नाय. वरून याचा धूर दिसे, पन परक्याले कसं मांगाव? आज मांगतलं."

"कोळसे तं रोजच असते ना माय," सेवादास म्हणाला.

"मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच. रडतही होते आणि ओरडतही होते.

"तू रोज इचारे. च्या पाह्यजे का, टीव्ही लावू का. लय इचारलं तू." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "विस्तव पाह्यजे का, हे कोन इचारते? अन् मागून तुले ओझं कायले द्याव?"

वर आल्यावर त्यांनी बशी स्वतः ओढून घेतली. दाणे गार झाले होते, तरी वाजत होते. एक मूठ झाली, दुसरी झाली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि तिसरी मूठ भरली.

तेवढ्यात इंद्रजीतचा फोन आला. आवाज दबका होता. "काय म्हंते याडी? जीपवाल्याले सांगून ठेवू का?"

मी याडींकडे पाहिलं. त्या बशी मांडीवर घेऊन, भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"जीप राहू दे," मी म्हटलं. "येताना शेगडी आण. मातीची. अन् कोळसे."