बेवारस चाकू

घरातला चाकू गायब झाल्यापासून शिंपीणबाई भाजी कात्रीनं कापत होत्या. तीही कापडाच्या कात्रीनं, जिला एरवी त्या कुणाला हातसुद्धा लावू देत नसत! शेवटी एक गिऱ्हाईक ‘पँटला लसणाचा वास येतो’ म्हणून तणतणत गेलं, तेव्हा त्या शेजारणीकडे चाकू मागायला गेल्या. तिचाही गायब. वरच्या मजल्यावरची नर्स तर चार दिवस टोमॅटो किसणीवर किसत होती.

तिघींना एकदमच मैदान आठवलं. परवाच फुटबॉलच्या भांडणात एका पोराच्या दंडाला टाके पडले होते, आणि शिंपीणबाईंचा मुलगा लंबू रोज त्याच मैदानावर पडीक असायचा. उद्या त्याच्या पोटात कुणी चाकू खुपसला तर?

त्या तशाच निघाल्या, गळ्यात मापाची टेप घेऊन. वाटेत आणखी आया जमल्या. मैदानात पोरं दोन बाजूंना छाती काढून उभी होती.

“माझा चाकू कुठाय रे?” शिंपीणबाई कडाडल्या.

पोरांची पाचावर धारण बसली. लंबूनं मोज्यातून चाकू काढला. “आई, त्यांच्याकडे होते म्हणून...”

“आमच्याकडे? तुम्ही आणले म्हणून आम्ही आणले!” पलीकडून एक जण ओरडला.

“मग आधी आणला कुणी?”

ते मात्र एकाही शूरवीराला सांगता येईना. नर्सनं ओढणी पसरली, त्यावर चाकू पडू लागले. एकानं तर केक कापायचा प्लास्टिकचा चाकू आणला होता.

“अरे गाढवा, यानं केकसुद्धा धड कापला जात नाही!” त्याची आई म्हणाली, आणि मग रडायलाच लागली.

आयांनी आपापले चाकू ओळखले, एका मुठीवरून दोघींचं भांडणही झालं. शेवटी एकच चाकू उरला. तो आणणारा बुटक्या खाली मान घालून उभा होता. त्याची आई गेलेली, बाप ट्रकवर, महिना-महिना घरी नाही.

“आई, त्याचं कुणी नाही यायचं,” लंबू हळूच म्हणाला.

“कोण म्हणतं? माझाच आहे तो.” शिंपीणबाईंनी चाकू उचलला, दुसऱ्या हातानं बुटक्याचा कान धरला. “आणि हाही माझाच. चल घरी, कांदे चिरायचेत.”

कान चांगलाच पिळला गेला होता, पण बुटक्यानं घरापर्यंत तो सोडवून घेतला नाही.