दोन दुरुस्त्या

कलम ९. बिघडलेले श्रवणयंत्र उत्पादकाने सात दिवसांत दुरुस्त करून दिले पाहिजे.

एवढंच वाक्य. त्यात ‘सात’च्या आधी एक शब्द घुसवायचा होता: शक्यतो. श्रवणयंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेने तिला त्यासाठीच ठेवलं होतं. विधेयक तपासणाऱ्या समितीच्या सभासदांना गाठायचं, संघटनेचं म्हणणं गळी उतरवायचं. सुटे भाग लांबून येतात, छोट्या कारखान्यांना सात दिवस झेपत नाहीत, हे खोटंही नव्हतं. सातपैकी चौघांनी मान डोलावली होती. आज अकराला समितीपुढे पाच मिनिटं बोललं की झालं.

घरी बाबांचं यंत्र दुरुस्तीला गेल्याचा आज तेविसावा दिवस. म्हणून ती चिठ्ठ्या लिहायची. बाबा बोलायचे, तेही गल्लीला ऐकू जाईल असं.

कालची चिठ्ठी सकाळी साखरेच्या डब्याखाली सापडली.

~~शक्यतो~~ सातला येते.

तांबड्या पेन्सिलीची रेघ बाबांची. कायदे छापणाऱ्या छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. समासात बारीक अक्षरात शेरा: अर्थ लागत नाही. येणार की नाही?

ती आली होती नऊला.

ती हसली, आणि मग हसू आवरलं. पिशवीतून मसुदा काढून तिने बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो हातभर लांब धरून वाचला.

“ह्या ‘शक्यतो’ला आम्ही छापखान्यात ढिला खिळा म्हणायचो. ओळीत बसतो, पण धरत काही नाही.”

तिने लिहिलं: त्यांना खरंच जमत नाही, बाबा.

“मग जमलं नाही तर काय करणार, ते लिही ना, ठमाबाई. मी कुठे सात दिवसांसाठी अडून बसलोय? कुणाचं जुनंपानं मशीन दिलं असतं तरी चाललं असतं. काल तू फोनवर हसत होतीस. मी नुसतं बघितलं.”

तिने चिठ्ठी उलटी केली.

परंतु, तसे शक्य नसल्यास, दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी यंत्र विनामूल्य दिले पाहिजे.

“कुणी दिले पाहिजे?” बाबांनी ‘उत्पादकाने’ वर चढवलं आणि पेन्सिल कानामागे खोचली.

*

समितीच्या दाराबाहेर संघटनेच्या सरचिटणिसांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

“बाई, तुम्ही नक्की कुणाकडून?”

“तुमच्याकडूनच. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, शक्यतो म्हणजे किती दिवस, तर काय सांगणार?”

सरचिटणिसांनी चिठ्ठी पुन्हा उघडली.

“जुनी यंत्रं पडून असतील ना तुमच्याकडे?”

“पोतंभर.” त्यांनी चष्मा पुसला. “बोला. पण उद्या संघटनेच्या बैठकीत निस्तरायचं तुम्हीच. नोकरीचं मी काही सांगू शकत नाही.”

*

कलम ९, परंतुकासह. बाजूने पाच, विरुद्ध दोन.

*

ती सहालाच घरी आली. हातात खोकं होतं. सरचिटणिसांनी निघताना दिलेलं: “वडिलांना द्या. कायदा व्हायचा तेव्हा होईल.” आत करड्या रंगाचं, बोराएवढं, जुनाट यंत्र. तिने ते बाबांच्या कानात बसवलं. यंत्राने शिट्टी घातली. बाबांनी तोंड वाकडं केलं.

“ऐकू येतंय?”

“हळू बोल. ओरडतेस कशाला?” बाबा ओरडले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. मग आवाज एकदम खाली आणून, जवळजवळ कुजबुजत, “इतके दिवस मी असा बोलत होतो?”

“असाच.”

“आणि तू सांगितलं नाहीस?”

“कशावर लिहू? चिठ्ठ्या संपल्या होत्या.”

तिचं हसू या वेळी त्यांना ऐकू आलं. ते पेन्सिलीशी उगाच चाळा करत राहिले.

“उद्या बैठक ना तुझी? ओरडतील?”

“ओरडतील.”

“किती वाजता येशील?”

“सातला,” ती म्हणाली, मागेपुढे काही न लावता.