जीपच्या पोटातलं टोरीचं तेल

ठेकेदाराने आपल्या जीपसाठी नागपूरहून ऑइल ओढायचा हातपंप आणला, त्या दिवसापासून वारलू ड्रायव्हरचा रुबाब काही विचारू नका. तेल मोजायच्या सळईच्या भोकातून नळी सोडायची, दांडा ओढायचा, की इंजिनातलं जुनं ऑइल वरच्या वर डब्यात. "आता गाडीखाली लोळाचे दिवस गेले," असं तो बाजारात गाठ पडेल त्याला सांगे. खरी गोष्ट त्याच्या बायकोला, सोनीबाईलाच ठाऊक होती. वारलूची कंबर धरली होती. जीपखाली शिरला, तर त्याला बाहेर ओढायला बैल जुंपावे लागले असते. आणि गाडीखाली जाता येत नाही तो ड्रायव्हर कसला, असं म्हणून ठेकेदाराने वारलूच्या आधीच्या माणसाला घरी बसवलं होतं.

पौषातल्या थंडीत जंगलातून परतताना ऑइल गळून कमी झालं. जवळ थेंब नाही. वारलूने वाटेवरच्या गावातून टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल मागून घेतलं आणि बिनघोर इंजिनात ओतलं. त्यावर दिवा जळतो, बैलगाडीचा आख फिरतो, मग जीपलाच एवढी मिजास कशाला? जीप घरापर्यंत आलीसुद्धा.

सकाळी पाहतो तर तेल तुपासारखं थिजलेलं. जीप सुरू करायचं हँडल फिरेना. पंपाने वरचं पातळ तेवढं ओढलं, मग नळीत गाठ अडकली आणि दांडा जागचा हलेना. चामोर्शीच्या बाजाराला जायला ठेकेदार तर येतच होता. पंप गेला, कंबर गेली, आता नोकरीही जाणार; वारलूला रडू यायचंच बाकी राहिलं.

"सरका," सोनीबाई म्हणाली. "खालचा कोणचा बोल्ट, तेवढं सांगा."

"तुले जमन का वं?"

"तुमाले जमते का?"

तिने चुलीतल्या निखाऱ्यांचं घमेलं जरा वेळ इंजिनाखाली ठेवलं, तेल सैल झाल्यावर घमेलं दूर ओढलं, पदर खोचला आणि पाना घेऊन गाडीखाली गेली.

ठेकेदार आला, तर वारलू नुसता उभा आणि जीपखालून तोरड्या घातलेले दोन पाय बाहेर.

"हे कोण रे?"

"माही बायको, शेटजी. माही कंबर..."

तेवढ्यात बोल्ट निघाला आणि भदाभदा तेल डब्यात पडलं. ठेकेदार तापट खरा, पण बाजार चुकवणं त्याच्या जिवावर येई. तो खो खो हसत सुटला.

"वर तू, खाली हे. गाडी चालली म्हंजे झालं."

वारलूच्या जिवात जीव आला. सोनीबाई बाहेर आली ती तोंडभर काळं माखून.

"शेटजी, खालचं काम करीन मी. पण मले एकडाव वर बसू द्या. रोज गाडी धुतो, बसली नाई कधी."

वारलू तिच्याकडे पाहतच राहिला. गावातली माणसं, मोहाची पोती, एकदा तर आजारी वासरूही त्याने जीपमध्ये घातलं होतं. हिला बसवावं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याला लाज वाटली.

घरी ठेवलेलं नवं ऑइल भरलं. ठेकेदार मुकाट मागच्या बाकावर गेला आणि सोनीबाई पुढे बसली. वारलूने तोंड पुसायला फडकं दिलं, ते तिने मांडीवर ठेवून दिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाजारात लोकायले दिसू द्या."