देवराईचा इंग्रजी अर्ज

लखू इंग्रजी शब्द घोकतो हे मला कळलं ते टाळामुळे. खाचराकडे निघालो होतो, बांधाआड टाळ वाजत होता. कीर्तनाचा नाद कानी आला की माझे पाय आपसूक थांबतात. पण त्याच्या तोंडी हरिनाम नव्हतं. "इम-मे-मो-रि-अल," तुकड्या-तुकड्याला ठोका. मला पाहताच टाळ थांबला आणि हातातला कागद बंडीत गेला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या देवराईतल्या झाडांवर लाकूड-कंत्राटदाराच्या माणसांनी खुणा केल्या होत्या. जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाचा तळ सुप्यात, तो उद्या हलणार. त्याआधी अर्ज पोचला नाही तर राई जाणार. लखूने सुप्याच्या रामचंद्रपंत कारकुनाकडून इंग्रजी अर्ज लिहून घेतला होता. आता गावाचे अंगठे हवे होते.

"ह्यात कंत्राटदाराला राईच लिहून दिली असलीस तर?" नागू म्हणाला. "महिनाभर सुप्याला काय पोहे खायला जात हुतास?"

"शब्द शिकायला. तुमी इचारल्यावर पंतांकडं बोट दावू व्हय?"

शेवटी बायजाक्का म्हणाली, "देवाम्होरं गाऱ्हाण्यात सांग."

गाऱ्हाण्याला एकजण नारळ धरून देवाशी बोलतो. पटलं तरच बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. तिथं खोटं बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही.

राईतल्या पाषाणापुढे लखू उभा राहिला. अर्जातल्या अवघड शब्दांखाली त्याने गेरूच्या रेघा ओढल्या होत्या.

"महाराजा, इम्मेमोरिअल म्हंजे कुणाच्याबी आठवणीच्या आधीपासनं राई तुझी हाय."

नागूने तोंड फिरवलं. मीही मान खाली घातली.

"इन्व्हायोलेट म्हंजे हितं कुऱ्हाड लावायची न्हाई."

"व्हय महाराजा," म्हादू पुटपुटला. एकटाच.

बायजाक्काने कागद ओढला. "रेघा तीन, सांगितलेस दोन. ह्यो लांबडा कोण?"

"अपर्टेनन्सेस. म्हणता येतंय, अक्का. पंतांनी दोनदा सांगितलं, पर अर्थ डोस्क्यात शिरला न्हाई."

"बघा!" नागू ओरडला. "त्येच्यातच राई गेली!"

माझा मात्र जीव भांड्यात पडला. "अरे, फसवायचं असतं तर त्यानं मनाचा अर्थ सांगितला नसता?"

"त्येबी सोंग असंल."

बायजाक्काने लखूला विचारलं, "ह्यो काढला तर अर्ज चालंल?"

"चालंल."

तिने तेलातल्या काजळीत अंगठा बुडवला, नेमका त्या शब्दावर टेकवला आणि एकही अक्षर दिसेनासं होईपर्यंत फिरवला. "व्हय महाराजा," म्हणत तिने खाली आपला ठसा उमटवला. आता आम्हीही तिच्यामागे म्हणालो.

काजळीची वाटी नागूपुढे आली. त्याने आधी कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मगच अंगठा बुडवला.