शून्य गळती

प्रेमराज सरांच्या शाळेच्या भिंतीवर एक प्रशस्तिपत्र चौकट करून टांगलं होतं: 'शून्य गळती'. सातपुड्याच्या पायथ्याची शाळा, पोरं पाड्यावरची, आईबाप अर्धं वर्ष फैजपूर-सावद्याकडे केळीच्या बागांत. आणि तरी म्हणे एकही पोर शाळा सोडत नाही! तालुक्याला सरांचा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळ त्यांनी पोरांना फोडून वाटला. शाल घरी नेली.

गळती थांबवायची सरांची रीत फार सोपी होती. पोर येवो न येवो, हजेरीत त्याच्या नावापुढे हजर म्हणून रेघ मारायची. पट घसरला तर शाळेचा एक शिक्षक जाणार. शिवाय नाव कापलं तर पोर परत येणार कसं, अशीही ते मनाची समजूत घालत. मन बिचारं समजूतदार, लगेच ऐकायचं.

जुलैत सर पाड्यावरच्या भुरीबाईला आणि तिच्या लेकीला, शीतलला घेऊन तालुक्याच्या निवासी कन्याशाळेत आले. शाळा सुटलेल्या मुलींसाठीच ती काढलेली. राहणं, जेवणं, शिकणं सगळं तिथंच. एकच जागा उरली होती आणि यादी त्याच दिवशी बंद होणार होती. सोमवारी भुरीबाई बागेच्या कामावर निघणार. जागा मिळाली नाही, तर मागच्या नोव्हेंबरसारखी शीतलही तिच्यामागे जाणार. शीतलनं पत्र्याची पेटी भरूनच आणली होती, कारण सरच म्हणाले होते, "काम झालं समज."

अधीक्षिका कामिनी मॅडमनी कागद चाळले आणि चष्मा काढला.

"सर, ही मुलगी शाळाबाह्य कुठं आहे? तुम्हीच आणलेला हा हजेरीचा उतारा. नोव्हेंबरपासून एक खाडा नाही. रोज शाळेत जाणाऱ्या मुलीला मी कशी घेऊ?"

उतारा त्यांनी नेहमीच्या सवयीनं काढला होता, ओळीनं रेघा भरलेला. चोरानं स्वतःच मुद्देमाल ठाण्यात नेऊन द्यावा, तशी त्यांची गत झाली.

"असं कसं मॅडम?" भुरीबाई गोंधळली. "पोर ते मन्हासंगे व्हती. हिवाया-उन्हाया बागमा काम करं तिनी."

शीतल उताऱ्यावर वाकली. बोट एका चौकटीवर थांबलं.

"हा संक्रांतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी मला विळा लागला होता." तिनं अंगठ्यावरचा व्रण दाखवला. "इथं मी हजर आहे."



"मला वाटायचं नाव कापलं असेल, म्हणून कुणी बघायला येत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "नाव तर होतं सर. मग तुम्ही का नाही आलात?"

सावदा सरांच्या गाडीवर पाऊण तासाची वाट. त्या वाटेनं ते सोयऱ्यांच्या लग्नाला दोनदा जाऊन आले होते. सरांना इतकी लाज वाटली, की त्या तेरा वर्षांच्या पोरीकडे मान वर करून बघवेना.

"एक मार्ग आहे," कामिनी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हजेरी खोटी होती असं सहीनिशी लिहून द्या. पण कागद वर जाईल. चौकशी लागेल."

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

"नजरचुकीनं झालं, असं लिहिलं तर?" सरांनी चाचरत विचारलं.

"इतके महिने नजरचूक?"

काय चाललंय ते भुरीबाईला कळलं नव्हतं. गुरुजींच्या सहीवर काहीतरी अडलंय, एवढंच तिला उमगलं, आणि तिनं हात जोडले. "लिखी द्या गुरुजी. तुमना मोठा उपकार."

त्या जोडलेल्या हातांनी सरांची स्वतःच्या नजरेतली उरलीसुरली पत गेली. त्यांनी पेन काढलं. 'मी खोटी हजेरी लावली' एवढे चार शब्द लिहायला त्यांना खूप वेळ लागला. एरवी तेच पेन दहा मिनिटांत महिनाभराच्या रेघा मारायचं.

मॅडमनी शिक्का मारला आणि यादीत शीतलचं नाव चढवलं. शीतलनं पेटी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"सर, सोनलचं पण लिहा ना. ती अजून बागेतच आहे."

सोनल तिच्याच पाड्यावरची. सकाळी निघण्यापूर्वी सरांनी तिची आजची रेघ मारून ठेवली होती.

"इथली जागा तर संपली," ते पुटपुटले. त्या पुटपुटण्यात थोडी सुटकाही होती, आणि तीही त्यांना कळली.

"नाव द्या तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या तालुक्यात पाठवू. पण खरं नाव तर यायला हवं."

सरांनी घाम पुसला. "कोरे कागद द्या मग."

"किती?"

सरांनी शीतलकडे पाहिलं. खरा आकडा त्यांच्यापेक्षा तिलाच ठाऊक होता.