काडतुसांचं चक्र उघडून

शनिवारी सकाळी नोरीन वडलांना घेऊन हॉलिसच्या गहाणवटीच्या दुकानात आली, तेव्हा ते, म्हणजे गावाचे जुने शिक्षक ओडेल, अगदी खुशीत होते. येताना खोऱ्यातल्या प्रत्येक चर्चचं नाव त्यांनी न चुकता सांगितलं होतं. त्याआधीच्या बुधवारी मात्र स्वयंपाकघरातला दिवा कुठून लागतो हे त्यांना आठवत नव्हतं.

"डॅडींच्या घरातली रिव्हॉल्व्हरं काढून घे," असं नोरीनचा भाऊ शहरातून फोनवर सारखं बजावायचा. ती म्हणायची, "एक चूक दिसू दे, मी स्वतः घेऊन जाईन." त्याहून जास्त तिला बोलवत नसे. आई गेल्यापासून वडलांना एवढाच आनंद उरला होता: कुणी ढुंकूनही बघणार नाही असं जुनं, बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर शोधायचं, पुसायचं आणि डब्यांवर चालवायचं. बारीक काडतुसं, दणका नाही. म्हाताऱ्या मनगटाला सोसणारी गोष्ट.

"या गुरुजी! तुमच्यासारखंच एक आलंय," हॉलिस म्हणाला. "रंग उडालाय, मूठ पट्टीनं बांधलीय, पण बोलतं अजून."

"माझ्यापेक्षा कमी बोलत असेल तर देऊन टाक."

हॉलिसनं काडतुसांचं चक्र बाहेर काढून, रिकामी भोकं दाखवून रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. हॉलिसला लहानपणी हे ओडेलनीच शिकवलं होतं. गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं: उघडून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, आणि घेणाऱ्यानं पुन्हा बघायचं.

ओडेलनी नळी खिडकीकडे धरून आत पाहिलं. बोटानं चक्र हलवून खिळखिळं आहे का ते बघितलं.

"काडतूस नसताना घोडा पाडू नका हं," हॉलिस म्हणाला.

"मला शिकवतोस? भोकाची कड चेपते त्यानं. पाचवीत तूच माझं एक बिघडवलं होतंस."

हॉलिस कानापर्यंत लाल झाला. नोरीन कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

दुपारी घरामागच्या मातीच्या बांधावर त्यांनी घेवड्याचे रिकामे डबे मांडले. नवं घेतलेलं रिव्हॉल्व्हर किंचित डावीकडे मारत होतं. ओडेलनी दोन गोळ्यांत ते ओळखलं आणि मग डबे एकामागून एक उडू लागले. प्रत्येक डब्याला ते "बस खाली!" म्हणत होते, वर्गात म्हणायचे तसं.

"घे, तुझी पाळी," म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर तिच्याकडे केलं.

चक्र बंद होतं. घोडा मागे ओढलेला होता.

नोरीननं नळी बांधाकडेच ठेवत ते हातात घेतलं. घोडा अंगठ्यानं धरून हलकेच खाली सोडला आणि चक्र उघडलं. एक काडतूस न वाजलेलं होतं. तिनं ते मुठीत लपवलं. भावाला सांगायचं नाही, एवढंच त्या क्षणी तिच्या मनात आलं.

"मुठीत काय आहे गं?"

"काही नाही, डॅडी."

"नोरीन."

तिनं मूठ उघडली. ओडेलनी ते काडतूस पाहिलं. मग उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले.

"पोरांनी असं केलं की मी काय करायचो?"

"दिवसभर बाहेर बसवायचात."

"हो. दुसऱ्या दिवशी ती शिकलेली असायची." त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली. "मी उद्या हे विसरलेलो असेन. मला कळतंय तोवर सगळी तुझ्या गाडीत घाल. कपाटातलीसुद्धा. उद्या मी भांडेन, वाटेल ते बोलेन. तरी देऊ नकोस."

"डॅडी, पुढच्या शनिवारी आपण..."

"आत्ता, बाळ."

एकेक रिव्हॉल्व्हर उघडून, बघून त्यांनीच तिच्या हातात दिलं. एकदाही चुकले नाहीत, आणि त्यामुळेच तिला रडू आवरेना.

रविवारी चर्चला निघायच्या वेळी नोरीनच्या घरी फोन वाजला.

"नोरीन, घरात चोर शिरलाय. कपाट रिकामं आहे."

"चोर नाही, डॅडी. तुम्हीच दिलीत मला."

"मी? मी कशाला देईन? भावानं तुला फितवलं ना? माझ्या म्हातारपणातलं एवढं एकच होतं ते..."

नोरीन खुर्चीत बसली. त्यांचा राग संपेपर्यंत फोन कानाला धरून राहिली.