बिनआईचा

अय्यूब जन्मला तोच अधू काळीज घेऊन. आज ना उद्या ते बदलावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून त्याच्याच रक्तामांसातून अवयव-केंद्रातल्या काचेच्या हौदात दुसरा अय्यूब वाढवला. अशांना आमचं सगळं मेकनेस शहर 'बिनआईचे' म्हणायचं. काझींचा निवाडाच होता: ज्याला ना आईची कूस, ना आईचं दूध, तो माणूस नव्हे, त्याला कापलं तर पाप नाही. आता याला धर्म म्हणायचं तर म्हणा बापडे.

पण अय्यूबची आई रकिया तेव्हा अंगावर पाजणारी बाई. हौदातून काढलेलं पोर बघायला गेली, ते टाहो फोडून रडलं आणि हिला पान्हाच फुटला. दाईची पाठ वळताच तिनं त्याला शालीखाली घेतलं नि पोटभर पाजलं. आमच्यात पाजलेलं पोर आपलं होतं, मग ते कुणाचं का असेना. हे रकियाला ठाऊक नव्हतं थोडंच! नवऱ्यालासुद्धा बोलली नाही. हा दुसरा मोठा झाल्यावर मात्र एका ईदेला केंद्रात खाऊ द्यायला गेली, तेव्हा राहवलं नाही म्हणून दुधाची गोष्ट त्याच्या कानात सांगून बसली. तो इतका हसला, की खायचंच विसरला.

पोरांना मिसरूड फुटलं आणि अय्यूबचे ओठ निळे पडू लागले. कापण्याआधी काझी येऊन एक प्रश्न विचारतात, तशी रीतच आहे. दुसरा न्हाऊन, पांढरे कपडे घालून समोर उभा होता. तेच नाक, तीच जिवणी.

"लल्ला रकिया, याला कुणी दूध पाजलंय?" काझींनी विचारलं. बाईसाहेबांना आमच्यात लल्ला म्हणतात.

'हो' म्हटलं तर हा वाचणार आणि अय्यूब मरणार. रकियानं शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. दुसरा तिच्याकडे बघत राहिला. मग अय्यूबच्याच आवाजात म्हणाला, "कुणी नाही, काझीसाहेब. ही बाई कोण, तेही मला माहीत नाही."

काझींनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. काय मेली ती मान! तुटून का नाही पडली, असं तिला पुढे जन्मभर वाटत राहिलं.

नवं काळीज बसलं नि अय्यूबच्या गालांवर रंग चढला. नवरा पेढीवर मिठाई वाटायला गेला, तशी रकिया केंद्राच्या तळघराच्या दाराशी गेली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, कापलेल्या पोराचं जे काही उरलंय ते मला द्या, माती द्यायची आहे. त्यानं सांगितलं की काही उरत नाही. डोळे एकाला, मूत्रपिंडं दुसऱ्याला, कातडी भाजलेल्यांना. मागणारे रांगेत असतात.

"पण तो तुमचा कोण लागायचा?"

"मुलगा," रकिया म्हणाली. एकदाची म्हणाली.

माणूस भला होता. त्याला वाटलं, बाई जागरणानं भ्रमली आहे. तिला हाताला धरून जिन्यापाशी आणत तो म्हणाला, "तुमचा मुलगा वर आहे, लल्ला. हरीरा मागतोय."

रकिया वर गेली आणि अय्यूबला ते गरम सूप चमच्या चमच्यानं भरवू लागली.